बोंडल्याचं माप

संध्याकाळी पत्रे निवायला लागले की आवाज करतात. एक टक्, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा टक्. लातूरच्या अंगणातल्या शेडमध्ये बसून मी तो आवाज इतका ऐकलाय की आज नांदेडच्या स्लॅबच्या घरात डोळे मिटले तरी डोक्यावर पत्रे आहेत असं वाटतं. हातात गार पेला, त्यात खसाचा हिरवा रंग, तळाशी फुगून बसलेला सब्जा. बाहेर क्लास सुटलेल्या पोरांच्या सायकली आणि त्यांच्या घंट्या. उजेड असा, की जायचं का थांबायचं हे त्याचं त्यालाच ठरत नाही.

भूकंपानंतरचा तो पहिला उन्हाळा. औशाकडची, निलंग्याकडची गावं होत्याची नव्हती झाली होती. त्याबद्दल मी काय लिहावं, ज्यांचं गेलं त्यांचं गेलं. आमच्या लातूर शहरात घरं टिकून राहिली, झोप तेवढी गेली. आमच्या भाड्याच्या घरात दाराच्या कोपऱ्यातून निघालेली एक भेग छतापर्यंत पोचली होती. ती बघितली की घरात पाय ठेवावासा वाटायचा नाही. सगळ्या गल्लीनं अंगणात पत्रे ठोकले होते, आणि स्वयंपाक, झोप, भांडणं, पाहुणे सगळं पत्र्याखाली चालायचं.

प्रत्येक शेडमध्ये एका टेबलावर स्टीलच्या पेल्यांची उतरंड असायची. एक पेला उपडा, त्यावर एक सुलटा, त्यावर पुन्हा उपडा, अशी. जमीन हलली की उतरंड कोसळणार, खणखणाट होणार आणि आपण पळणार. हे यंत्र कुणी शोधलं माहीत नाही, पण रेडिओपेक्षा सगळ्यांचा भरवसा त्यावर जास्त होता. पाहुणा आला की बायका पाणी द्यायला वेगळे पेले काढायच्या. उतरंडीतल्याला हात लावायचा नाही.

मी एका खाजगी क्लासमध्ये रसायनशास्त्र शिकवायचो. लातूरला पोरांचा पूर सुरू झाला होता. हदगावची, उमरीची, उदगीरची पोरं खोल्या करून राहायला यायची. भूकंपाचं गाव म्हणून आईबाप घाबरतील असं आम्हाला वाटलं होतं. पण एक पालक मला तोंडावर म्हणाले, "सर, जमीन हलली तरी चालंल, मार्क हलू देऊ नका."

पोरांचे मार्क मी सांभाळत होतो, माझी झोप मात्र सांभाळता येत नव्हती. अंधार पडला की कान उतरंडीकडे लागायचे. कुणीतरी क्लासमध्ये सांगितलं, थोडी रम घ्या, झोप लागंल. घेतली. झोप लागली, आणि मध्येच उठून गेली. मग पहाटेपर्यंत मी जागा. दुसऱ्या दिवशी थोडी जास्त घेतली. रसायनशास्त्राचा माणूस ना मी, एका थेंबानं रंग बदलला नाही की दुसरा सोडायचा हेच शिकलेलो.

बायकोच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. ती हदगावची, शाळेत गणित शिकवायची. बाटली मी पत्र्याच्या ट्रंकेमागे ठेवली होती, हे लपवणं म्हणावं इतकंही हुशारीचं नव्हतं. तिनं ती उचलून टेबलावर, उतरंडीशेजारी ठेवली आणि समोर बसली. मला वाटलं आता पाऊण तास ऐकावं लागणार. ती थोडंच बोलली.

"आमचे दादा," ती म्हणाली. वडिलांना ती दादा म्हणायची. "तहसिलीत त्यांच्या अक्षराला तोड नव्हती. लोक नुसतं अक्षर बघायला कागद मागायचे. मग हात थरथरायला लागला. सकाळी पहिली घेतल्याशिवाय थांबायचा न्हाई. डोळे पिवळे झाले, पोट फुगलं, पाय सुजले. शेवटी शेवटी सही जमंना. अंगठा लावायचे. त्या अक्षराचा माणूस, आन अंगठा."

मी बाटलीकडे बघत होतो.

"मला तुमच्या हाताची थरथर बघायची न्हाई," ती म्हणाली. "एवढंच माझं म्हणणं हाय. बाकी तुम्ही मोठे, तुमचं तुम्ही बघा."

मी लगेच म्हणालो, सोडतो. आता हे मी इतक्या पटकन म्हणालो की तिला हसू आलं. तिला माझं सोडणं माहीत होतं. तंबाखू मी त्याआधी बऱ्याचदा सोडली होती.

"सोडू नका," ती म्हणाली. "सोडली म्हणाल आन ट्रंकेमागं ठेवाल. झोपेसाठी प्यायची न्हाई. प्यायची तर जागं राहून प्यायची. शनिवारी, उजेड असताना, माझ्यासमोर, चुलीवर जेवण चढवून. आन मापानं."

माप आणायला ती भेग पडलेल्या घरात गेली आणि बोंडलं घेऊन आली.

हल्ली ही वस्तू सगळ्यांनी पाहिलेली असेल असं नाही. तान्ह्या बाळाला दूध पाजायचं चोचीचं छोटंसं भांडं, ते बोंडलं. आमच्याकडचं चांदीचं होतं, बायकोच्या आईनं दिलेलं. आमची मुलगी आता चालायला, बोलायला आणि उलट बोलायला लागली होती, म्हणून ते फडताळात रिकामं पडलं होतं. बायकोनं ते बाटलीशेजारी ठेवलं.

"हे एक. सपाट भरून. लेकरू जेवढं पितं तेवढं तुम्ही प्या."

अशा रीतीनं मराठवाड्यातला एक पदवीधर, शेकडो पोरांना मोलॅरिटी शिकवणारा, दर शनिवारी बाळाच्या भांड्यानं रम मोजायला लागला. चोचीतून धार इतकी बारीक पडायची की बोंडलं रिकामं होईस्तोवर सूर्य बोटभर खाली सरकायचा.

तेवढ्यानं पेला भरायचा नाही, म्हणून कॉकटेल सुरू झाली. माप कमी म्हटल्यावर मी सगळा कारभार बाकीच्या वस्तूंवर नेला. कवठाचा गर, गूळ आणि रम. चिंचेचं सार, काळं मीठ आणि रम. जिन मिळाली तर खस, लिंबू आणि गोटीचा सोडा. ह्या हिरव्या प्रकाराला मी 'पोपट' नाव दिलं होतं. क्लासच्या प्रयोगशाळेतून एक ब्युरेट घरी आणलं आणि लिंबाचा रस त्यातून थेंबाथेंबानं सोडायला लागलो. बायको म्हणायची, एवढं मन लावून शिकवत असता तर पोरं बोर्डात आली असती. एकदा दूध, लिंबू आणि रम असा संयोग केला. त्याचं काय होईल हे चौथीतल्या पोरालाही कळलं असतं. पेल्यात पनीर तरंगायला लागलं. वाया कसं घालवायचं म्हणून मी ते चमच्यानं खाल्लं.

खसाचं आणि गुलाबाचं सरबत मी नांदेडहून आणायचो. जुन्या नांदेडात एका चाचांचं दुकान होतं, वाडवडिलांपासूनचं, अत्तरं आणि सरबतं. दर खेपेला मी बाटल्या घेतल्या की चाचा चष्म्यावरून बघायचे.

"क्या सर, मेहमानां लई आते क्या तुमारे घर कू?"

"हाव चाचा, लई."

"अच्छा है. मेहमान आना. सिरप कम डालो, पानी जास्ती," ते म्हणायचे आणि बाटली कागदात गुंडाळायचे. एकदा अशी कागदात गुंडाळलेली बाटली अहमदपूरच्या स्टँडवर एसटीनं असा गचका दिला की फुटली, आणि माझ्याकडच्या साऱ्या उत्तरपत्रिका खसाच्या झाल्या. वर्गात वाटल्या तेव्हा पोरं वास घेत बसली. एकानं विचारलं, सर, हिरव्या शाईचे मार्क जास्त धरायचे का?

शनिवारी माझ्यासोबत एकच माणूस बसायचा. क्लासमधले जीवशास्त्राचे सर, उमरीचे. त्यांच्या घरात शिकून मास्तर झालेले ते पहिलेच, त्यामुळे शिकवण्याचं काम ते लढाईसारखं करायचे. ते माझ्याइतकंच, म्हणजे बोंडलंभरच प्यायचे, पण पिताना शरीराचा आदर राखायचे. दोन घोटांमध्ये पाणी. फुटाणे, काकडी. आणि थोडंसं व्याख्यान.

"सर, यकृत लई सोशिक अवयव हाय," ते म्हणायचे. "दुखत न्हाई, बोंबलत न्हाई. निम्म्याच्या वर खराब झालं तरी काम करून राहतं. म्हणून त्याची कुणाला दया येत न्हाई."

"थोडी घेतली तर हृदयाला चांगली म्हणतात," मी एकदा म्हणालो.

"कोण म्हणतं? पिणारे म्हणतात. कमी घेतली तर कमी नुकसान, एवढाच हिशेब. औषध म्हणून घेऊ नका, चव म्हणून घ्या. न्हाई घेतली तर अजून चांगलं."

"मग तुम्ही का घेता?"

"तुमचा पोपट बघून," ते म्हणाले. "रंग चांगला जमतो तुम्हाला."

माझ्या मोडक्या झोपेचा उलगडाही त्यांनीच केला. दारूची झोप म्हणजे उसनी. अर्ध्यातच माघारी जाते, आणि जाताना स्वप्नंही घेऊन जाते. हे ऐकून बायकोनं फुटाण्यांची वाटी त्यांच्या पुढ्यात सरकवली. तो तिचा सत्कार होता.

त्या शनिवारांची मला अजून स्वप्नं पडतात. खरं तर तेव्हाही ते स्वप्नासारखेच होते. एकच पेला इतका हळू प्यायचा की बर्फ विरघळून त्याचं सरबत व्हावं, सरबताचं पाणी व्हावं. मुलगी सब्ज्याच्या बिया मोजायची आणि मोजता मोजता मांडीवर झोपायची. लिंबाच्या पानावरून ऊन उतरायचं. जमीन आपल्याखाली गप्प पडून आहे, ह्या एवढ्या गोष्टीचं सुख आम्हाला वाटायचं. आणि हळूहळू मला झोप यायला लागली. तिची ती, न बोलावता.

इथंच थांबलो असतो तर मी शहाणा ठरलो असतो.

बारावीचा निकाल लागला तो शनिवार होता. आमच्या क्लासची पोरं चांगली चमकली. हार, गुलाल, पेढे. माझ्या मनात आलं, आज बोंडलंभरावर भागवायचं? आणि नियम तर मोडायचा नाही. मी नियमाचा माणूस. म्हणून मी आधीच तयारी केली होती. चाचांच्या शेजारच्या दुकानातून आणलेले सुके जर्दाळू मी लोणच्याच्या बरणीत घातले होते आणि त्यावर ते बुडतील इतकी रम ओतून आठवडाभर फडताळात ठेवली होती. माझा युक्तिवाद असा, की माप हे पिण्याला आहे, खाण्याला नाही. फळ ते फळ.

संध्याकाळी मी एक बोंडलं अगदी सपाट भरून, बायकोला दाखवून पेल्यात घेतलं, आणि जर्दाळू वाटीत काढून फुटाण्यांच्या जागी ठेवले. चांगले टम्म झाले होते. जीवशास्त्राच्या सरांनी एक तोंडात टाकला आणि थांबले.

"हे काय हाय, सर?"

"जर्दाळू. पाकातले."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, जर्दाळूकडे बघितलं, आणि पाण्याचा पेला जवळ घेतला. दुसरा उचलला नाही. मी मात्र एकेक खात राहिलो. बायको शेडच्या पलीकडच्या टोकाला चुलीशी होती. गोड लागत होते, पोट गार वाटत होतं, पत्र्यांची टकटक फार लांबून येत होती. मी निकालाबद्दल काहीतरी मोठं बोलत होतो, बहुतेक मराठवाड्याच्या भवितव्याबद्दल. आणि मला स्पष्ट दिसलं, की टेबलावरची उतरंड हलून राहिली आहे. वरचा पेला आधी डोलला, मग खालचा. मग खण्ण.

"भूकंप!" मी ओरडलो.

मास्तरांचा आवाज, पाठीमागच्या बाकापर्यंत पोचायची सवय झालेला. सगळी गल्ली बाहेर. समोरच्या खोल्यांतल्या मुली वह्या छातीशी धरून, कुणी पिठाच्या हातानं, कुणी अंगावर अर्धा साबण घेऊन टॉवेलात. कुणाची तरी म्हैस दावं तोडून निघाली, ती म्हैस आणि साबणवाले गृहस्थ समोरासमोर उभे राहिले. सगळे मोकळ्या रस्त्यावर, आणि सगळे जमिनीकडे बघत. जमीन काही करीना.

शेजारच्या म्हाताऱ्या मावशी आपल्या शेडमध्ये वाकून बघून आल्या.

"आमची उतरंड हाय तशीच हाय की."

"आमची बी."

"आमची बी हाय."

"मग मास्तर, तुमच्याच टेबलाखाली झाला का भूकंप?"

ओरडलो तरी मी खुर्चीतून उठलोच नव्हतो. जीवशास्त्राचे सर खाली वाकले आणि त्यांनी टेबलाच्या पायाला चिकटलेल्या माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. गुडघा अजून हलत होता. मी तो हलवतोय हे मलाच माहीत नव्हतं.

आता ह्यावर गल्ली हसली, आणि किती हसली ते सांगत बसत नाही. पुढं किती तरी दिवस मी रस्त्यानं निघालो की पोरं भिंत धरून उभी राहायची. मीही हसलो. सर हसले नाहीत. ते हळूच मला म्हणाले, "मंगळवारी फळ्यावर बेदाणे काढले होते ना तुम्ही? पाण्यात ठेवलेले?"

काढले होते. परासरण. सुका बेदाणा पाण्यात ठेवला की पाणी आत शिरतं आणि तो फुगतो. मी स्वतः आकृती काढली होती, बाण दाखवले होते, पोरांना परीक्षेत येणार म्हणून दोनदा सांगितलं होतं. पाण्याच्या जागी रम असली तर बाण कुठं जातात, हे मी स्वतःला विचारलं नव्हतं.

माणसं आपापल्या शेडमध्ये गेली. सर पण उठले, "येतो वहिनी" म्हणून. बायकोनं पडलेले पेले गोळा केले आणि टेबलावर माझ्यासमोर ठेवले. बरणी तिनं उघडून वास घेतला होता.

"लावा," ती म्हणाली.

मी उतरंड लावायला घेतली. पहिला उपडा. दुसरा सुलटा. तिसरा ठेवताना धातूवर धातू वाजायला लागला, बारीक, दातांसारखा. मी हात घट्ट केला. जास्तच वाजला. पेला सुटला.

मी वर बघितलं तर ती पेल्याकडे बघत नव्हती, माझ्या बोटांकडे बघत होती. तिचा चेहरा मी ओळखत होतो, पण तेव्हा तो माझ्या ओळखीचा नव्हता. हदगावच्या कुठल्यातरी ओसरीवर, दादांच्या कपातला चहा बशीत सांडताना बघणाऱ्या मुलीचा होता.

"आज मला बी हसू आलं," ती म्हणाली. "म्हैस बघून. पुढच्या वेळी येणार न्हाई."

तिनं बाटली फेकली नाही. फेकून काय होतं, दुकान हायच, असं म्हणाली. बरणीतले उरलेले जर्दाळू मात्र आम्ही लिंबाच्या आळ्यात पुरले. नियम एक वाढला: दर शनिवारी बोंडल्याला हात लावायच्या आधी मी उतरंड लावायची, आणि पेला संपल्यावर मोडून पुन्हा लावायची. पडली, तर पुढचे शनिवार बंद.

सोमवारी जीवशास्त्राचे सर मला रक्त तपासायला घेऊन गेले. रिपोर्ट येईपर्यंत मी वर्गात शिकवत होतो ते काय, मला आठवत नाही. डोळे पिवळे झाले का म्हणून मी येताजाता दुकानांच्या काचेत बघायचो, आणि पिवळ्या रंगाच्या दुकानासमोर घाबरायचो. डॉक्टरांनी कागद वाचला आणि म्हणाले, यकृत ठीक आहे. मी हसायच्या आत पुढं म्हणाले, "ठीक आहे म्हणजे बक्षीस मिळालंय असं समजू नका."

तेव्हापासून उतरंड माझी. लातूर सुटलं, पत्रे गेले, क्लासची शाखा नांदेडला निघाली तेव्हा आम्ही गोदावरीच्या अलीकडे घर केलं. इथं जमिनीची तेवढी भीती नव्हती. तरी शनिवारी संध्याकाळी टेबलावर पेले यायचे आणि मी एकेक रचायचो, वरचा पेला ठेवून हात हळूच मागं घ्यायचो. घरी आलेले लोक विचारायचे, हे काय? बायको म्हणायची, सरांचं ध्यान. बरेच शनिवार मी उतरंड लावायचो आणि बाटलीपर्यंत जायचोच नाही. हात मागं घेतला तेवढ्यानंच मन भरायचं. साठी ओलांडल्यावर रक्तदाबाच्या गोळ्या सुरू झाल्या आणि डॉक्टरांनी बोंडलंही महिन्यावर आणलं.

मागच्या हिवाळ्यात मुलीला मुलगी झाली. सब्जा मोजणारी ती, आता आई. बाळंतपणाला आली तेव्हा तिनं विचारलं, "आई, माझं बोंडलं हाय ना?"

बायकोनं माझ्याकडे बघितलं. मी वर पंख्याकडे बघितलं.

तिनं ते चिंचेनं घासलं, राखेनं घासलं, उकळत्या पाण्यात दोनदा काढलं, उन्हात ठेवलं, आणि पुन्हा उकळलं. "वास येतो का बघा," म्हणून माझ्या नाकाशी धरलं. येत नव्हता. मला मात्र खसाचा आला, पण ते मी सांगितलं नाही. बोंडलं आपल्या मूळ कामाला लागलं आणि त्याच्या चोचीतून दुधाची तीच बारीक धार पडायला लागली.

शनिवार आला. पेले टेबलावर होतेच. मी उतरंड लावली. वय झालंय, हात पूर्वीसारखा नाही, पण वरचा पेला बसला. बायको समोर होती, नेहमीसारखी, नजर बोटांवर.

"आता माप कशानं घेणार?" तिनं विचारलं.

आत बाळ पीत होतं. मध्येच थांबून धाप टाकायचं, मग पुन्हा लागायचं. मी खसाची बाटली काढली, लिंबू पिळलं, सब्जा घातला, सोडा ओतला. दारूची बाटली काढली नाही. काही ठरवून नाही. माप नव्हतं, आणि त्या जर्दाळूंनंतर बिनमापाची आमच्या घरात कधी आलीच नव्हती.

इतक्या वर्षांत तिनं माझ्या पेल्याला कधी तोंड लावलं नव्हतं. त्या दिवशी तिनं हात पुढं केला. उतरंडीवरचा सगळ्यात वरचा पेला उचलला, बाकीचे हलले नाहीत, आणि माझ्यासमोर धरला. मी त्यात अर्धा पोपट ओतला. धार सरळ पडली. तिनं ती शेवटपर्यंत बघितली, मगच पेला ओठाला लावला.

"ह्याच्यात काही कमी न्हाई," ती थोड्या वेळानं म्हणाली.

मग नजर माझ्या बोटांवरून काढून तिनं खिडकीबाहेर, नदीच्या बाजूला वळवली, आणि आम्ही उजेड जाईस्तोवर तसेच बसून राहिलो.